मोटेच्या कातड्याचा सूट

आमच्या ह्यांना मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचं होतं, आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आमचं घर कराडजवळ, मळ्यात. उसाचं रान मामंजी बघायचे आणि हे मलकापूरला रस्त्याकडेच्या गॅरेजात दुसऱ्यांच्या फटफट्या दुरुस्त करायचे. स्वतःची एक होती, जुनी, अडीचशे सीसीची. सकाळी उठून आधी तिला पुसायचे, मग तोंड धुवायचे. "मला कधी असं पुसलं न्हाई," असं मी तोंडावर म्हणत असे, तर वर म्हणायचे, "तू कुठं गंजतीयास?"

माझा विरोध काही उगीच नव्हता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत हे रस्त्यावरच्या खडीवरून घसरले होते. हाड मोडलं नाही, पण डाव्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत साल निघालं. मिरजेला नेलं, तिथं चिमट्यानं एकेक खडा वेचून काढला, आणि घरी आल्यावर रोजचं ड्रेसिंग माझ्याकडं आलं. ओल्या जखमेला चिकटलेली पट्टी सोडवताना एवढा धडधाकट माणूस उशी दातात धरून रडायचा. मीही रडायचे, पण हात थांबवून चालत नव्हतं. त्या दिवसांत त्यांच्या अंगाची इंच न् इंच कातडी मी माझ्या हातानं परत आणली होती. ती पुन्हा रस्त्यावर सांडायला द्यायची माझी तयारी नव्हती.

तर एका संध्याकाळी ह्यांनी शर्यतीचं काढलं. सांगलीच्या बाजूला एका जुन्या विमानपट्टीवर पुण्याकडची काही मंडळी शर्यत भरवणार होती. मामंजी सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मला काय इचारतोस? पट्ट्या कुनी बांधल्या? तिला इचार."

मग हे माझ्यामागं लागले. मला पटवावं म्हणून स्वतःच सांगून बसले, की तिथं वाटेल तसं पळवू देत नाहीत, फार काळजी घेतात. मानेपासून घोट्यापर्यंत कातड्याचा सूट असल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत. आणि तो अंगाला चापून बसणारा लागतो, ढगळा असला तर घसरताना वर सरकतो आणि मग असून नसल्यासारखाच.

"मग झालं तर," मी म्हटलं. "अंगाला बसणारा असा सूट मिळाला, की खुशाल जा. मी अडवणार न्हाई."

हे हसत गॅरेजला गेले आणि मी हसत चुलीपुढं बसले. माझा हिशोब सरळ होता. सातारा-सांगली पालथं घातलं तरी वहाणांचं कातडं मिळेल, तबल्याचं मिळेल, बैलाच्या गळ्यातला पट्टा मिळेल, पण असला सूट कोण देणार? मुंबईहून शिवून आणायचा तर एक दुभती म्हैस विकावी लागली असती, आणि म्हैस आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची होती. तिच्याकडं बघायची कुणाची छाती नव्हती. मी डाव टाकला होता हे मला ठाऊक होतं, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही.

ह्यांनी खरंच शोध सुरू केला. फौजेतल्या चुलत दिरांना निरोप गेला. त्यांनी कुणातरी धिप्पाड जवानाचं जुनं कातडी जाकीट पाठवलं. त्यात हे आणि मी, दोघंही मावलो असतो. मग सांगलीला गाड्यांच्या सीटा शिवणारा एक जण म्हणाला, रेक्झिनचा शिवतो, लांबून कुणाला कळतंय? शिवलाही. घरी येऊन हे तो घालून अंगणात उभे राहिले, गाडीवर बसायला पाय उचलला आणि मागून शिवण फाटल्याचा असा काही आवाज झाला की आत्याबाई देवघरातून बाहेर आल्या. बाहेर येऊन त्यांनी बघितलं आणि पदर तोंडाला लावून परत आत गेल्या. मी तर त्या दिवशी स्वयंपाकच करू शकले नाही, हसू आवरेना.

पण त्यानंतर हे गप्प झाले. भांडणारा नवरा मला चालतो, मी काही भांडायला कमी नाही. गप्प बसलेला चालत नाही. भाकरी पुढं ठेवली की खायचे, विचारलं की "व्हय" म्हणायचे, गाडी पुसायचीही सोडली. असे पंधरा दिवस गेले आणि माझं डोकं फिरलं. एके दिवशी गोठ्यात धार काढून उठले तर हे आढ्याकडं बघत बसलेले. आढ्याला आमच्या विहिरीच्या दोन कातडी मोटा टांगलेल्या होत्या. विहिरीवर विजेची मोटार बसली तेव्हापासून त्या तिथंच होत्या. मी चिडून म्हटलं, "कातडं कातडं करून जीव काढलाय नुसता. ह्या काय टांगल्यात मग? शिवा की ह्याचाच सूट."

टोमणाच होता तो, दुसरं काही नाही. पण ह्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग मोटांकडं, आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता मोटा मामंजींच्या. उभं आयुष्य त्यांनी त्या मोटांवर रान भिजवलं होतं. बैल उतारावरून पुढं गेले की विहिरीतून भरलेली मोट वर यायची, तिची लांब सोंड काठावरच्या थारोळ्यात, दगडी कुंडात पडायची आणि पाटाला पाणी लागायचं. काम गेलं तरी दर बेंदराला बैलांची शिंगं रंगवून झाली की मामंजी मोटांना करंजाचं तेल लावत. त्यांच्याकडं मोट मागायची म्हणजे थोरला बैल मागण्यासारखंच होतं. ह्यांनी विचारलं तर नुसतं "बघू" म्हणाले आणि उठून रानात गेले. मला वाटलं, सुटले.

दोन दिवसांनी मामंजींनी दोन्ही मोटा स्वतःच उतरवून अंगणात आणून टाकल्या. मी तुळशीला पाणी घालत होते. मला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराचं कातडं ऱ्हायलं, तर मोटंचं गेलं म्हनून काय झालं?"

मी उरलेलं पाणीही तुळशीतच ओतलं.

मोटा शिवणारे तात्या गावातच होते. ह्याच मोटा त्यांनी शिवलेल्या. माणूस कारागीर खरा, पण आपलं कधी चुकतं हे त्यांना आयुष्यात मान्य नव्हतं. त्यांनी ह्यांना वरून खाली बघितलं, एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मोट शिवलीय, वहाणा शिवल्यात, खोगीर शिवलंय. मानूस कवा शिवला न्हाई. पर शिवू."

मी माहेरी असताना शिवणाचा क्लास केला होता. वर्तमानपत्र कापून माप काढायला मीच बसले, कारण सूट होणारच असेल तर तो नीट तरी व्हायला हवा. इथं तात्यांचं आणि माझं जुंपलं. ते ह्यांना भिंतीला उभं करून वितीनं माप घ्यायला लागले.

मी म्हटलं, "तात्या, गाडीवर मानूस उभा ऱ्हातोय व्हय? वाकून बसतोय. माप बसून घ्या."

"आजपातूर कुनी बसलेल्या मानसाचं माप घेतलंय का, सूनबाई?"

"आजपातूर कुनी मोटंची विजार शिवलीय का?"

तात्या बाजूला सरले. ह्यांना गाडीवर बसवून, हँडल धरायला लावून, पाठीवरून, गुडघ्यावरून, कोपरावरून मी टेप फिरवली. तात्यांना हरवलं म्हणून मी दोन दिवस ताठ मानेनं फिरत होते.

शिवण बरेच दिवस चाललं. मोटेच्या अंगाचं पाठपोट झालं, सोंडांच्या बाह्या आणि पाय झाले. पुढं लावायला चेन हवी होती. मी लग्नात माहेराहून आणलेल्या बॅगेची चेन उसवून दिली. का दिली म्हणाल तर आता त्या कामात मीच गुंतले होते. डाव्या कुशीला, जिथं तेव्हा साल निघालं होतं, तिथं मी तात्यांकडून कातड्याचा दुसरा थर लावून घेतला. तिथं त्यांनी टाका दुहेरी घातला.

पहिल्यांदा घातला तेव्हा सूट पत्र्यासारखा. कोपर वाकेना, मान वळेना. पण त्याची कुणालाच काळजी वाटली नाही, कारण आमच्याकडं कोऱ्या वहाणा काय करतात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तेलपाण्यात भिजवायच्या, ओल्याच पायात घालायच्या आणि पायातच वाळू द्यायच्या. मग त्या पायाच्या होतात. आत्याबाई, मामंजी, तात्या, मी, सगळ्यांचं एकमत झालं. पाय वेगळा आणि माणूस वेगळा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सूट थारोळ्यात भिजत घातला, वर करंजाचं तेल चोळलं आणि सकाळी ह्यांना आत घातलं. खळ्यात गाडी स्टँडवर लावून त्यावर बसवलं, शर्यतीत वाकतात तसं वाकवलं, हँडल धरायला लावलं. उन्हाळ्याचे दिवस होते. मी डोक्यावर तेवढी छत्री धरली, अंगावर नाही, कारण अंगाला ऊन लागायला हवं होतं. दुपारी भाकरीचे घास माझ्या हातानं भरवले. शेजारच्या मळ्यातल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. ढोसू देत. नवरा माझा होता.

दिवस कलला तसा सूट वाळला. आणि काय बसला होता म्हणून सांगू! एक चुणी नाही. तात्यांनी पाठीवर टिचकी वाजवून बघितली आणि मान हलवली.

मी म्हटलं, "आता उतरा."

हे उतरले, पण जसे बसले होते तसेच. हात पुढं, गुडघे मुडपलेले, पाठ वाकलेली. भाजी निवडत बसलेली बाई तशीच उठून चालायला लागावी तसे खळ्यात दोन पावलं चालले. मामंजींनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

"शर्यत बसून हाय का चालत?" तात्यांनी विचारलं.

"बसून," हे वाकूनच म्हणाले.

"मग कशाला ओरडताय?"

कुणीच ओरडत नव्हतं. पुन्हा भिजवून दुसऱ्या तऱ्हेनं वाळवायचा तर शर्यत तोंडावर आलेली. आणि तात्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. मी सूटला काळं बूटपॉलिश केलं, लांबून अगदी विलायती दिसायला लागला. जवळून मात्र करंजाच्या तेलाचा असा वास, की मळ्यातली कुत्री ह्यांच्या मागं फिरायची.

शर्यतीला आम्ही टेम्पोतून गेलो. गाडी मध्ये दोरीनं बांधलेली, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मामंजी. मामंजींना म्हणे सांगलीत हळदीचा भाव बघायचा होता. आमच्या रानात तेव्हा हळद नव्हती.

तिथं जो तो छान रंगीत सूट घालून ताठ उभा होता. गाडी आणि सूट तपासायला एक वयस्कर गृहस्थ बसले होते, पांढऱ्या मिशांचे, कडक. रांगेत ह्यांचा नंबर आला तसे हे आपल्या त्याच वाकलेल्या अंगानं त्यांच्यापुढं गेले. गृहस्थांना वाटलं, हा पाया पडतोय. ते खुर्चीतून अर्धे उठले. "राहू दे, राहू दे. यशस्वी व्हा," म्हणाले. तरी हे वाकलेलेच. एवढा नम्र माणूस त्यांना दिवसभरात भेटला नसावा. त्यांनी खांद्यावरचं कातडं दोन बोटांत धरायचा प्रयत्न केला, ते काही चिमटीत येईना.

"उत्तम आहे. कुठून मागवलात?"

"घरचंच हाय, साहेब."

मामंजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी फेटा सारखा केला.

आणि मग नकटीच्या लग्नाचं पुढचं विघ्न आलं. गाड्या एका रेषेत लावल्यावर एकानं कर्ण्यावरून सांगितलं, की इंजिनं बंद ठेवायची, झेंडा पडला की गाडी ढकलत पळायचं, आणि सुरू झाली की उडी मारून बसायचं.

पळायचं. ह्यांना तर धड उभं राहता येत नव्हतं. त्यांनी पळायचा प्रयत्न करून बघितला. गुडघा वीतभर पुढं गेला आणि थांबला.

खरं सांगते, माझ्या मनात आलं. का नाही येणार? अट मी घातली होती, आणि ती ह्यांनी पाळली होती. सूट मिळाला होता, अंगाला बसला होता. आता शर्यत आपोआप टळत होती, मी एक शब्द बोलले नव्हते, आणि दोष माझ्याकडं येत नव्हता. ह्यांना धडधाकट टेम्पोत घालून घरी न्यायचं, एवढंच बाकी होतं. मला जे हवं होतं ते सगळं कुणीतरी ताटात वाढून पुढं ठेवलं होतं.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. तक्रार नाही, राग नाही. पंधरा दिवस भाकरी खाताना जो चेहरा होता, तोच. मला त्या चेहऱ्याचा असा संताप आला म्हणून सांगू.

प्यायच्या पाण्याचं पिंप जवळच होतं. मी पदर खोचला, तिथली कळशी भरली आणि ह्यांच्या पाठीवर उपडी केली. दुसरी गुडघ्यांवर. मोट भिजली की वळते, हे लग्न होऊन त्या घरात आल्यापासून बघत होते, मला कुणी शिकवायला नको होतं. तिसरीला वळले तर मामंजी दोन्ही हातात बादल्या घेऊन पळत येत होते. कातडं मऊ पडायला लागलं. मी गुडघे चोळले, कोपरं चोळली, पाठीवर मुठी मारल्या. काळं पॉलिश वाहून माझ्या नव्या लुगड्यावर उतरलं, हात कोपरापर्यंत काळे झाले. सगळं मैदान बघत होतं. कर्णेवाला बोलायचा थांबला होता.

"पळता येतंय का बघा," मी म्हटलं.

ह्यांनी गुडघा उचलला. वर आला.

झेंडा पडला. बाकीचे केव्हाच पुढं गेले आणि हे पाणी निथळत, पचक पचक करत मागून पळाले, उडी मारून बसले, सगळ्यांत शेवटी. पण बसल्यावर मात्र सूट जागच्या जागी बसला. पहिल्या फेरीला दोघांना मागं टाकलं, पुढच्या फेरीला आणखी एकाला. मामंजी फेटा हातात घेऊन फिरवत होते. हळदीचा भाव कुठल्या कुठं गेला. मीसुद्धा ओरडत होते, काय ओरडत होते ते आठवत नाही, पण घसा दोन दिवस बसला होता.

शेवटच्या वळणावर गाडी घसरली. डाव्याच अंगावर. गाडी एकीकडं गेली आणि हे दुसरीकडं, धावपट्टीच्या खडबडीत डांबरावरून घासत, खूप लांब.

मी पळाले. मामंजी ह्या वयात माझ्या पुढं होते. ते ह्यांच्याजवळ गुडघे टेकून बसले, आणि तोंडाकडं बघायच्या आधी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत डाव्या कुशीवरून सबंध हात फिरवला, बेंदराला मोटेवरून फिरवत तसाच. दुसऱ्या थराचं कातडं घासून पांढरं पडलं होतं.

"फाटली न्हाई," मामंजी म्हणाले.

मी चेन खाली ओढली आणि आत हात घातला. कातडी ओली होती, गरम होती आणि सगळी होती. एक ओरखडा लागला नाही हाताला. मी तिथंच, सासऱ्यांच्या देखत, परक्या माणसांच्या देखत, मोठ्यानं रडायला लागले.

ह्यांनी डोळे उघडले. "गाडीचं काय झालं?" म्हणाले.

मी मारणारच होते, पण त्या कातड्यावर माझाच हात दुखला असता.

परतताना ह्यांना टेम्पोत आडवं निजवलं. खांदा मुरगळला होता, एवढंच. ऊन होतं, वारं होतं, आणि वाटेत सूट ह्यांच्या अंगावर पुन्हा वाळला, या खेपेला पाय लांब आणि पाठ सरळ. घरी टेम्पोतून उतरवलं तर ह्यांना आता बसता येईना. आत्याबाईंनी उंबऱ्यातून बघितलं आणि पुन्हा पदर तोंडाला लावला.

मी कात्री आणि टेप घेऊन ह्यांच्यासमोर बसले. शिवण उसवता उसवता माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढच्या टायमाला गुडघ्यामागं आन् पाठीत शेळीचं मऊ कातडं घालू. मग बसता बी येईल आन् पळता बी येईल."

हे नुसते माझ्याकडं बघत राहिले. मीच काय बोलून गेले ते मला मागाहून कळलं.

मामंजी ओट्यावर सुपारी कातरत होते. "ही मोट आता काय पुरायची न्हाई," म्हणाले. "पलीकडच्या मळ्यात एक टांगलीया. उद्या इचारून येतो."